ठकीचं बी

१४ मार्च

भाऊजी,

फोन न करता पत्र का लिहितेय ते आधी सांगते. फोनवर मी बोलायला लागले की तुम्ही गप्प होता, तुम्ही गप्प झालात की मला रडू येतं, आणि मग दोन्हीकडून 'बरं, ठेवू का?' एवढंच उरतं. दर रविवारी तेच. कागदावर मी रडले तरी तुम्हाला ऐकू येणार नाही. तेव्हा आता पत्रच.

तुमचे भाऊ जाऊन महिना झाला. परवा रोपवाटिकेचे साहेब आले होते. अवघडून गेले होते बिचारे. चहाच्या कपाला हात न लावता अर्धा तास बसले आणि उठता उठता म्हणाले, "क्वार्टर पुढच्या जानेवारीपर्यंत वापरा वहिनी, घाई नाही." घर सोडा हे इतक्या मऊ आवाजात सांगायलाही जमावं लागतं. यांच्या जागी कुणी नवीन येणार, त्यालाही बायकोमुलं असतील. माझी त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार ठकीची आहे. मागच्या अंगणातलं ते झाड, तुमच्या भावाने रानातलं बारकं पांढरं फूल आणि बागेतलं मोठं जांभळं फूल यांचा संकर करून काढलेलं. रानातलं वासाने वेड लावणारं पण दिसायला बेतास बात, बागेतलं देखणं पण वासाच्या नावाने पूज्य. वाफेच्या वाफे पेरले, त्यातून ही एकटी जगली. फिकट जांभळं फूल आणि दिवेलागणीला असा वास की शेजारची शिंपीणबाई मशीन थांबवून खिडकीत यायची. हे कामावरून आले की चपला काढायच्या आधी विचारायचे, "उमलली का गं ठकी?"

तिचं खोड खालून काळं पडायला लागलंय. मुळं कुजताहेत. फांद्या लावून बघितल्या, पण तिच्या फांद्या कधी धरत नाहीत हे तुम्हाला माहीत आहे. बी तर तिला लागतच नाही. म्हणजे ही गेली की संपलं, जगात दुसरी नाही.

तुम्ही तिकडे बाटल्यांमध्ये झाडं वाढवता ना? तुमच्या त्या शिक्षणाचा घराला कधी काही उपयोग झाला नाही, आता होऊ द्या. ठकीला वाचवा. संध्याकाळी तो वास आला की हे फाटकाशी आलेत असं क्षणभर वाटतं. तेवढाच एक क्षण आहे माझ्याकडे, तो जायला नको.

जेवता का वेळेवर? की अजून बिस्किटांवरच संसार?

वहिनी


२५ मार्च

वहिनी,

बिस्किटांवरचा संसार सुखात चालू आहे. बिस्किटं तक्रार करत नाहीत.

ठकीचे शेंडे पाठवा. सकाळी ऊन चढायच्या आत, नखाएवढे कोवळे शेंडे कापा, ओल्या कापसात गुंडाळा आणि कुरियरने लगेच धाडा. कूज खालून चढतेय, त्यामुळे वरच्या फांद्यांचेच घ्या. मी ते धुऊन, साखर आणि क्षार घातलेल्या जेलीवर बाटलीत ठेवतो. नशीब असेल तर एका शेंड्याची चार रोपं होतील.

आणि आता दुसरी गोष्ट, जी दादा असतानाच करायला हवी होती. दादा प्रत्येक पत्राच्या शेवटी लिहायचा, 'ठकीला यंदाही बी नाही.' ते का, हे मला ठाऊक आहे. बी धरायच्या आधी पेशीतली गुणसूत्रं जोडीजोडीने उभी राहावी लागतात, शाळेत कवायतीला मुलं उभी करतात तशी. ठकीत अर्धी रानातली, अर्धी बागेतली. कुणालाच आपला जोडीदार सापडत नाही, मग सगळा गोंधळ होतो आणि फूल तसंच गळून जातं. यावर उपाय आहे. एका फुलाच्या गड्ड्यातून काढलेलं विष थोडंसं दिलं तर पेशी दुभंगता दुभंगता थांबते आणि आतली गुणसूत्रं दुप्पट होऊन बसतात. मग प्रत्येकाला स्वतःचाच जुळा मिळतो. जोडी लागते आणि बी धरतं.

म्हणजे ठकी नुसती वाचणार नाही, तिचा वंश चालेल. साहेबांनी अहवालात 'वांझ संकर' असा शेरा मारला होता, तो दादाला किती लागला होता ते मला आठवतं. तो शेरा मी पुसून टाकतो.

तुमचा
भाऊजी


६ एप्रिल

भाऊजी,

शेंडे साबणाच्या डबीत घालून पाठवले आहेत. डबी तीनदा धुतली आहे, तरी शेंड्यांना साबणाचा वास लागला तर मला दोष देऊ नका. कुरियरवाला म्हणाला, "आत काय आहे?" मी म्हटलं, "आमची ठकी." त्याने वर 'खेळणं' असं लिहिलं. मी म्हटलं राहू दे.

तुमचं ते दुप्पट करण्याचं वाचलं. मला कळलं तेवढं असं: पीठ दुप्पट घेतलं की मीठ आणि पाणीही दुप्पट घालावं लागतं, आणि तरी कणीक पहिल्यासारखी होईलच असं नाही. हे आपल्याला कळतं, झाडाला कोण सांगणार? पण तुम्ही शिकलेले, तुम्ही बघा.

एक मात्र सांगते. तो साहेबांचा शब्द पुन्हा पत्रात लिहू नका. माझी आणि त्या शब्दाची जुनी ओळख आहे. तोंडावर कुणी म्हटला नाही, पण मी खोलीत शिरले की बोलणं बंद व्हायचं, त्यावरून कळायचा.

बी लागलं तर लागलं. मला ठकी हवी, एवढंच लक्षात ठेवा.

वहिनी


२० जुलै

वहिनी,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण चांगलं काही सांगण्यासारखं नव्हतं. तुम्ही पाठवलेल्या शेंड्यांपैकी बहुतेकांना बुरशी लागली. रोज सकाळी येऊन बघायचं आणि एकेक बाटली फेकून द्यायची, असं चाललं होतं. दादाची आठवण फार यायची. माझी पहिली कुंडी मेली होती तेव्हा त्याने मला खांद्यावर बसवून अख्खी रोपवाटिका फिरवली होती आणि म्हणाला होता, "बघ, यातलीही निम्मी मरणार आहेत. म्हणून कुणी रडतंय का?" मी रडतच होतो.

शेवटी नऊ शेंडे हिरवे राहिले. गेल्या आठवड्यात त्यांना ते दुप्पट करणारं औषध दिलं. आमच्या प्रयोगशाळेच्या बाई म्हणाल्या, "नऊच आहेत, तर तीन-चार तशीच राहू दे. औषधाने बरीच मरतात, आणि काय बदललं ते बघायला बिनऔषधाचं शेजारी लागतंच." हा इथला नियमच आहे. पण नऊतून दुप्पट होणार एखादं, त्यातली चार बाजूला काढली तर उरलं काय? मी त्यांना सांगितलं, मूळ झाड घरी आहे, वहिनी त्याला पोटच्या पोरीसारखं जपतात. तेच आमचं बिनऔषधाचं. नऊच्या नऊ औषधात घातली.

तेव्हा अंगणातल्या ठकीला सांभाळा. तिचं खोड कसं आहे?

भाऊजी


४ ऑगस्ट

भाऊजी,

ठकीची काळजी करू नका. कालच फुलली होती. शिंपीणबाईंनी नेहमीप्रमाणे मशीन थांबवलं. आता त्यांनी एक स्टूलच खिडकीशी आणून ठेवलंय.

तुम्ही तिकडे बुरशीशी झगडताय, त्यात इकडची चिंता कशाला? खोडाला राख लावते, कुजकं खरवडून काढते. तुमच्या भावाच्या हाताखाली इतकी वर्षं काढली, एवढं मलाही येतं.

मी घर बघतेय. एक दुसऱ्या मजल्यावरचं मिळेल असं दिसतं, गॅलरी आहे. शिंपीणबाई म्हणतात, "तिथे तुम्हाला करमणार नाही." मी म्हटलं, इथे तरी कुठे करमतंय.

नऊच्या नऊ, असं तुम्ही लिहिलंय. ती ओळ मी पुन्हा वाचली. पण तुम्ही म्हणता तर ठीकच असेल.

वहिनी


१८ डिसेंबर

वहिनी,

आज मी बसून आधी थोडा रडलो आणि मग पत्र लिहायला घेतलं, आणि हे रडणं चांगलं होतं.

औषधाने सहा रोपं गेली. तीन जगली, आणि तिन्ही दुप्पट झाली. एकही मधलं नाही, अर्धवट नाही. बाई म्हणाल्या, अशी तीनपैकी तीन त्यांनी नोकरीत बघितली नाहीत. पानं जाडजूड, हाताला मखमल लागावी तशी. फूल ठकीच्या दीडपट. परागकण सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले तर गोल, टचटचीत भरलेले. ठकीचे कसे सुरकुतलेले असायचे ते तुम्ही बघितलंय ना, दादाने दाखवलं होतं.

आणि बी. वहिनी, बोंडं फुगताहेत. काल एक सोलून बघितलं, आत काळे, भरलेले दाणे. मी दादाला मोठ्याने सांगितलं. काचघरात कुणी नव्हतं.

एक रोप तुमच्यासाठी वेगळं काढलंय.

भाऊजी


२ जानेवारी

भाऊजी,

पत्र शिंपीणबाईंना वाचून दाखवलं. त्यांना दुप्पट-बिप्पट काही कळलं नाही, पण बोंडं फुगली म्हटल्यावर त्यांनी डोळ्यांना पदर लावला. तुमच्या भावाच्या फोटोसमोर मीही वाचलं. ते फोटोत नेहमीसारखेच दुसरीकडे बघत होते.

पानं लिहिलीत, फूल लिहिलंत, परागकण लिहिलेत. वासाचं काही लिहिलं नाहीत. वास कसा आहे? संध्याकाळीच येतो ना? की आता दुप्पट झाल्यावर दिवसभर येतो? तसं असेल तर शिंपीणबाईंचा धंदा बसणार.

या महिन्याअखेर मी नव्या घरी जाईन. गॅलरीत दोन कुंड्या मावतील. रोप लवकर पाठवा.

वहिनी


१० जानेवारी

वहिनी,

आमच्या इथली गाडी तुमच्या बाजूला येतेय, तिच्यातून रोप पाठवतोय. गाडीवाला ओळखीचा आहे, सांभाळून आणील. सोबत छापील सूचनांचा कागद आहे, बाटलीतल्या रोपांबरोबर आम्ही सगळ्यांनाच देतो. त्याप्रमाणे करा. बाटलीत वाढलेलं रोप लाडावलेलं असतं, पहिले दोन महिने त्याला बाहेरचं काही सोसत नाही.

वासाचं म्हणाल तर आमच्या काचघरात फवारण्याच इतक्या की कशाचाच वास धड कळत नाही. तुमच्याकडे मोकळ्या हवेत येईल तो. नवी जागा, नवी हवा, थोडा वेळ द्या.

नव्या घराची किल्ली मिळाली का? सामान हलवायला यायला हवं होतं मी. इथून सुटका नाही.

भाऊजी


२६ फेब्रुवारी

भाऊजी,

तुम्हाला त्रास द्यायचा नव्हता, पण दुसऱ्या कुणाला सांगू?

रोप छान आहे. कागदावर लिहिलंय त्याप्रमाणे सगळं केलं, एक अक्षर गाळलं नाही. दहा दिवसांपूर्वी पहिलं फूल आलं. मी दुपारपासून गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते, नवी साडी नेसून. माझं मलाच हसू येत होतं. दिवे लागले, फूल उघडलं. मोठं, देखणं फूल. मी वाट बघत राहिले. वास आला नाही.

नाक लावलं, तरी नाही. दुसऱ्या दिवशी दुसरं फूल, तेही तसंच. शिंपीणबाईंना बोलावलं. त्या दोन जिने धापा टाकत चढून आल्या, फुलावर वाकल्या आणि म्हणाल्या, "अगंबाई, येतो की छान वास. तस्साच." खालच्या मजल्यावरच्या मास्तरांना विचारलं, ते म्हणाले, "उत्तम आहे." म्हणजे सगळ्यांना येतो, मला येत नाही.

मग मी परीक्षा घेतली स्वतःची. साबण कळतो. रॉकेल कळतं. शेजारी दूध उतू गेलं तर गॅस बंद करा म्हणून मीच ओरडते. म्हणजे नाक शाबूत आहे, फक्त ठकीपुरतं गेलंय. आयुष्यभर नाकाने कांदे सोलले, त्याची ही शिक्षा म्हणायची. डॉक्टरांकडे गेले. त्यांनी बॅटरी लावून बघितलं आणि म्हणाले, "नाकात काही नाही. दुःखात असं होतं कधी कधी, मनच एखादी गोष्ट आत येऊ देत नाही."

ते ऐकून मी घरी कशी आले ते माझं मला माहीत. तुम्ही एवढं वर्षभर राबून ती मला परत आणून दिलीत आणि माझंच मन तिला आत घेईना. यांच्यावर रुसलेय का मी? आतून, मलाच न कळता? असं कसं माझं मन?

रोज संध्याकाळी प्रयत्न करते. बघू.

वहिनी


५ मार्च

वहिनी,

तुमच्या मनाला काही झालेलं नाही. नाकालाही नाही. त्या फुलाला वासच नाही.

शिंपीणबाई तुमच्या मायेपोटी खोटं बोलल्या, मास्तर भिडेपोटी, आणि मी कशापोटी ते मलाच धड सांगता येत नाही. मला नोव्हेंबरपासून माहीत होतं. पहिलं फूल उमललं त्या संध्याकाळी सगळे पंखे बंद करून मी काचघरात उभा होतो. काचघरात वास कळत नाही हे मी तुम्हाला लिहिलं ते थापच होती. मला वाटलं, पहिल्या फुलांचं असेल. मग वाटलं, मोकळ्या हवेत येईल. मग वाटलं, तुम्ही एवढ्या आनंदात आहात तर आत्ताच नको. अशी एकेक पायरी उतरत तळाला आलो.

झालं काय ते सांगतो. वास तयार करणारं जनुक रानातल्या फुलाकडून आलेलं. ते ठकीत होतं, या रोपातही आहे. मी तपासलं, एक अक्षर हललेलं नाही. पण जनुक असणं वेगळं आणि ते बोलणं वेगळं. दोन वेगळी घराणी एका पेशीत नांदायला आली की कुणाचं कधी ऐकायचं हे नव्याने ठरतं. ठकीत ते कसंबसं जुळलेलं होतं, रंग बागेतल्या फुलाचा, वास रानातल्या फुलाचा. आम्ही सगळंच दुप्पट केलं आणि तो जम मोडला. पेशीने पुन्हा मांडामांड केली आणि त्यात कितीतरी जनुकांवर गप्प बसायचे शिक्के मारले. काही बागेतल्या फुलाची, बरीचशी रानातल्या फुलाची. वासाचं त्यातच गेलं. तिन्ही रोपांत. तुमचं मीठ आणि कणकेचं मी हसण्यावारी नेलं होतं.

पण वाट आहे. असे शिक्के कधी कधी पुढच्या पिढ्यांत पुसले जातात. शेकडो रोपं वाढवली तर एखादं बोलायला लागेल. आणि त्याहून सोपं म्हणजे मूळ ठकी. तिचे शेंडे उद्याच्या उद्या पाठवा. यावेळी औषध नाही, काही नाही. ती जशी आहे तशीच बाटलीत वाढवतो आणि तुमच्या गॅलरीत आणून ठेवतो, मी स्वतः घेऊन येतो. कूज कितीही चढलेली असली तरी एक हिरवा शेंडा मला पुरे.

तुम्ही इतके दिवस स्वतःच्या मनाला बोल लावत बसलात आणि मी इथे गप्प होतो. माफ करा असं लिहायलाही लाज वाटते.

भाऊजी


१९ मार्च

भाऊजी,

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मला आधी बरंच वाटलं. खोटं कशाला सांगू? माझं मन जागेवर आहे, यांच्यावर मी रुसलेले नाही, हे कळल्यावर मी पोटभर जेवले. मग पुढचं वाचलं.

शेंडे पाठवता येत नाहीत. ठकी नाही.

तुमच्या छापील कागदावर तिसऱ्या ओळीत लिहिलंय, जवळ कुजीचं झाड असेल तर नवं रोप कुंडीत लावण्याआधी ते मुळासकट काढून जाळावं, माती दूर टाकावी. तुमच्या भावाचाही तोच नियम. ते म्हणायचे, कुजकं झाड निरोग्याजवळ ठेवायचं नाही आणि त्यासाठी रडत बसायचं नाही. कूज किती वाढलीय ते तुमच्यापासून लपवलं ते मी. ऑगस्टातच तिच्या दोन फांद्या गेल्या होत्या. तुम्ही तिकडे एकेक बाटली फेकताय, त्यात ही बातमी कशी देणार, म्हणून मी ती फुललीय एवढंच कळवलं. ते खरं होतं. एकाच फांदीवर फुलायची.

घर सोडायच्या आदल्या दिवशीही ती फांदी हिरवी होती. तिच्यावर कळ्या होत्या. मी विचार केला, हिला नव्या घरी नेली तर त्या लेकरालाही कूज लागेल. तुम्ही तर लिहिलं होतंत की तिथे सगळं आहे, फूल आहे, वास येईल. मग एका मरणाऱ्या फांदीसाठी नव्या जिवाला धोका कशाला? मी फावडं घेतलं. मुळं हाताला मऊ लागली. पालापाचोळ्यात टाकून पेटवली. ओलं होतं, लवकर धरेना, रॉकेल घालावं लागलं. कळ्यांसकट. शिंपीणबाई खिडकीतून बघत होत्या. मी रडले नाही, कारण मला वाटत होतं की मी बरोबर करतेय.

तुमच्यावर रागावलेय का? हो, रागावलेय. 'वास नाही' हे दोन शब्द डिसेंबरात लिहिले असतेत तर ती फांदी आज तुमच्या बाटलीत असती. आणि मी ऑगस्टात कूज वाढल्याचं कळवलं असतं तर तुम्ही तेव्हाच शेंडे मागवले असते. आपण दोघांनी मिळून केलं हे, एकमेकांना जपता जपता. माझ्या वाटणीचा राग मी माझ्यावर काढीन, तुमच्या वाटणीचा थोडे दिवस तुमच्यावर राहील. मग ओसरेल. मला दीर एकच आहे.

पण मला खुपतंय ते वेगळंच, आणि ते आज सांगून टाकते. नऊ होती. त्यातलं एकही तसंच ठेवावंसं तुम्हाला वाटलं नाही. का? तर तिला बी नव्हतं म्हणून. हे दर पत्रात 'यंदाही बी नाही' लिहायचे, कारण तुम्ही दर पत्रात विचारायचात. लिहून झालं की पाकीट चिकटवता चिकटवता हसायचे, म्हणायचे, "धाकट्याला ठकीच्या बाळंतपणाची फार घाई." साहेबांचा शेरा लागला होता तो माझ्यासाठी लागला होता. घरी येऊन त्यांनी मला तो सांगितलाही नव्हता, मला तो तुमच्या पत्रातून कळला.

आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर तुम्ही एकदा सुट्टीत आला होतात आणि एका मोठ्या डॉक्टरांचा पत्ता आणला होतात. आठवतं? तोही प्रेमानेच आणला होतात. यांनी तो खिशात ठेवला, तुम्हाला गाडीवर बसवून आले, आणि आम्ही दोघं मागच्या दारी पायरीवर बसलो. मग हे म्हणाले, "तुला जायचंय का गं त्या डॉक्टरकडे? खरं सांग." मी म्हटलं, आधी गेले असते, आता नाही वाटत. हे म्हणाले, "मलाही नाही वाटत." आणि उठून पाणी घालायला गेले. मनाची समजूत म्हणून नव्हतं ते. आम्हाला खरंच तसं वाटत होतं. पण हे कुणाला पटत नाही, लोकांना वाटतं आत कुठेतरी दुखत असणार आणि ते दुरुस्त करायला हवं.

हे रोप मी वाढवीन. त्याचा काय दोष? पानं खरंच सुंदर आहेत, त्याला रोज पुसते. त्याला नाव दिलेलं नाही, ठकी म्हणवत नाही. बोंडं वाळली की बी काढून तुम्हाला पाठवीन. तुम्ही शेकडो पेरा, शिक्के पुसले जातात का बघा, तुमचं ते कामच आहे. मला मात्र कळवायची घाई करू नका.

आणि या एकदा. हातात काही न आणता या. तुम्ही त्यांच्यामागे इथे आलाच नाहीत, वर्षभर शेंडे आणि रोपंच येत-जात राहिली.

बी लागत नव्हतं, एवढंच होतं, भाऊजी. बाकी ठकीत काही कमी नव्हतं, आणि आमच्यातही.

वहिनी